तेलाचं पाकीट आणि फुलोरा : उमरेडकडच्या एका घराचा पोळा ते मंडई

शेतकऱ्याच्या घरी पैशाची तंगी आली की सणाचं गोडधोड कमी होतं, असं आपल्याला नागपुरात बसून वाटतं. मी ज्या घराबद्दल लिहितेय तिथं गोड काही फारसं कमी झालं नाही, कमी झालं ते तळण. गुळाची सोय कशीही होते, तेलाची होत नाही, आणि हे अशा घरात की ज्यांच्या वावरात तीन एकर तेलबियाच उभ्या होत्या! २०२४ च्या पोळ्यापासून मंडईपर्यंत (मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा, भाजीबाजार नव्हे) मी जमेल तसं तिकडे जात राहिले, मामीच्या किराण्याच्या चिठ्ठ्या पाहिल्या, स्वयंपाकघरातली भांडणंही ऐकली, त्यावरून हे प्रकरण लिहून काढलंय.

घर माझ्या मामाचं. उमरेडहून भिवापूरकडे जाताना रस्ता सोडून आत गाव आहे, नाव देत नाही, नाहीतर मामी मला पुढच्या भाऊबीजेला दारात उभं करायची नाही. घरात आजी, मामा-मामी, मामेभाऊ, त्याची बायको आणि त्यांची नऊ वर्षांची पोरगी, असे सहा जण. पाच एकर वावर, त्यात तीन एकर सोयाबीन, दीड एकर कापूस आणि बांधीत अर्धा एकर धान. मामेभाऊ बुटीबोरीला एमआयडीसीत ठेकेदाराकडे जातो, म्हणजे पगार आहे पण बोनस नावाची गोष्ट नाही. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला त्यात यांचं अर्ध्याहून जास्त पीक गेलं, तेव्हाची उधारी २०२४ चा पोळा आला तरी किराणा दुकानाच्या वहीत तशीच होती. दुकानदार तोंडावर काही बोलत नाही पण सामान द्यायला वेळ लावतो, हे मामीचं निरीक्षण.

पोळा पटकन सांगते कारण त्यात काही अडलं नाही. २ सप्टेंबरला पोळा होता, चण्याची डाळ घरच्या चण्याची, गूळ विकतचा, पुरणाच्या पोळ्या झाल्या, बैलांना नैवेद्य झाला. पोळीला तूप-तेल लागतं ते वरून, कढईभर लागत नाही. दुसऱ्या दिवशी पळसाचे मेंढे, म्हणजे फांद्या, दाराला लावले, पोरगी लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्यात फिरून आली. मामा बोजारा, म्हणजे पोळ्याला द्यायचे पैसे, थोडा कमी द्यायला निघाला होता तर आजीनं डोळे वटारले, प्रश्न मिटला.

खरी कसोटी महालक्ष्म्यांची. बाकी महाराष्ट्रात गौरी म्हणतात, आमच्याकडे महालक्ष्म्या, आणि महालक्ष्म्यांना फुलोरा लागतोच. मखराच्या वर दोऱ्यानं लटकवायच्या करंज्या, वेण्या, फण्या, पापड्या, साटोऱ्या, सगळं तळलेलं. यात तडजोड नाही असं आजीचं म्हणणं आणि पुरा लिटर तेल एका दिवशी कढईत ओतणार नाही असं मामीचं. दोघींचंही बरोबर होतं. मग मामीनं काय केलं ते मी जवळ बसून पाहिलंय. मोठी पितळी कढई वरच ठेवली आणि पोरीच्या भातुकलीत शोभेल एवढी छोटी लोखंडी कढई काढली, तिचा बूड खोल आणि निमुळता, त्यात पावशेर तेल टाकलं तरी करंजी बुडते. करंज्या बोटाएवढ्या. वेणी घालताना पिठाच्या तीन दोऱ्या इतक्या बारीक की तिच्या सुनेनं दोनदा तोडल्या आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. एका वेळी दोनच तळायच्या, म्हणजे जे काम तासाभराचं ते अख्ख्या दुपारचं झालं. संख्या मात्र एकानंही कमी नाही! आजीनं काठीनं मोजून घेतलं आणि म्हणाली, "लहान झाल्या तं झाल्या, लक्ष्मीचं पोट का वजनावर भरते?"

ते तेल कुठून आलं तेही सांगायला पाहिजे. गौरी-गणपतीला सरकारनं १०० रुपयात आनंदाचा शिधा दिला होता, रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि सोयाबीन तेल एक लिटर. कंट्रोलमधून, म्हणजे रेशन दुकानातून, आणलेलं ते एक लिटर म्हणजेच यांचा फुलोरा. उरलेलं तेल मामीनं कपड्यातून गाळून बरणीत भरलं आणि पुढे रोजच्या फोडणीला तेच वापरलं. तब्येतीच्या पेजवाले म्हणतील तळलेलं तेल परत वापरू नका, बरोबरच आहे, त्यांनी येऊन मामीला सांगावं.

नैवेद्याची बाकीची बाजू स्वस्तात निघाली. सोळा भाज्या लागतात, त्यातल्या बहुतेक परसातून आणि बांधावरून आल्या, अंबाडी, धोपा (अळू), बरबटीच्या शेंगा, दोडकं, कारलं, कोहळं, तरोट्याचा उरलेला कोवळा पाला. आंबिलीला ज्वारी मात्र विकत आणावी लागली, आणि यावर मामा दिवसभर चिडचिड करत होता, कारण या घरात एकेकाळी ज्वारीनं कोठी भरायची. सोयाबीन आलं आणि ज्वारी, तीळ, जवस सगळं हळूहळू वावरातून गेलं. त्याला पैसा दिसला, आणि तो काही वेडा नव्हता, काही वर्षं खरंच दिसला.

## महालक्ष्म्या उठल्या आणि तेल उठलं

१२ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर उपकर धरून साडेपाच टक्क्यांचं साडेसत्तावीस टक्के आणि रिफाइंडवर पावणेचौदाचं पावणेछत्तीस. कारण सांगितलं ते सोयाबीनवाल्यांना भाव मिळावा म्हणून. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो त्यामुळे गावातल्या दुकानात पाकिटाचा रेट वाढायला वेळ लागला नाही, दिवाळीपर्यंत लिटरमागे तीसेक रुपये चढले. मामी आधी पाकिटावरचे ग्रॅम बघायला शिकली, कारण लिटरचं दिसणारं पाकीट आता कधी ९१० ग्रॅमचं असतं, कधी साडेआठशेचं, कधी त्याहून कमी. दुकानात दोन्ही हातात दोन पाकिटं धरून ती नातीला विचारते, "याच्यावर किती लिवलं हाय, वाच." पोरीचं गणित त्यामुळे पक्कं झालंय, हे एक.

आता सोयाबीनचं काय झालं ते. दसरा १२ ऑक्टोबरला होता, त्याच्या आगेमागे सोंगणी म्हणजे कापणी, मधे पाऊस, थ्रेशरवाल्याची वाट पाहण्यात गंजी लावून ठेवलेली आणि वरून ताडपत्री. ११ क्विंटल निघालं. हमीभाव त्या वर्षी ४,८९२ रुपये, पण सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे होता, नोंदणी करून नंबर यायची वाट पाहायची आणि पैसे खात्यात यायचे ते त्याच्याही नंतर. ओलाव्याची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, तोवर दिवाळी होऊन गेली होती. दिवाळीला पैसा दिवाळीच्या आधीच लागतो ना. मामानं एका व्यापाऱ्याला ४,०५० नं सगळं देऊन टाकलं. हमीभावाच्या हिशोबानं नऊ हजारांच्या वर पाणी सोडलं, आणि त्यातून मळणी, सोंगणीची मजुरी, कृषी केंद्राची उधारी गेली की हातात जे उरलं त्यात घर चालवायचं.

मला जे सारखं डोक्यात राहिलं ते असं. सोयाबीनमध्ये तेल असतं १८ ते २० टक्के. म्हणजे मामाच्या अंगणातून ट्रॅक्टरवर जे ११ क्विंटल गेलं त्यात दोनशे लिटरच्या आसपास तेल होतं. त्याच आठवड्यात मामी दुकानातून तीन पाकिटं घेऊन आली! मी हे बोलून दाखवलं तर मामा म्हणाला, "मंग का दातानं काढू का तेल?" आणि मुद्दा तोच आहे. शेंगदाण्यात, तिळात, जवसात तेल भरपूर, ते घाणीवर निघतं. सोयाबीनचं तेल कमी, ते मोठ्या प्लांटमध्ये द्रावक वापरून काढतात, गावच्या घाणीला ते परवडत नाही. त्यात सोयाबीनचा भाव तेलावर कमी आणि ढेपेवर जास्त चालतो, कारण शंभर किलोत ऐंशीएक किलो तर ढेपच निघते, आणि ढेपेला बाहेर उठाव नव्हता. त्यामुळे शुल्क वाढलं त्याचा रेट घरात येणाऱ्या पाकिटाला लगेच लागला आणि घरातून जाणाऱ्या पोत्याला लागला नाही. मामाला आयात शुल्क काय ते माहीत नाही, पण तेल चढलं अन् सोयाबीन नाही चढलं एवढं त्यानं बरोबर पकडलं होतं.

## भुलाबाईचा डबा

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. पोरी रोज एकेका घरी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा, डबा वाजवून. हल्ली गावातही काही घरी कुरकुऱ्यांची पाकिटं वाटतात, त्यामुळे या पोरीची पाळी आली तेव्हा तिला टेन्शन. तिची आई म्हणाली आपण पण पाकिटं आणू, पंधरा पोरींना दहा-दहाची. मामीनं सरळ नाही म्हटलं. तळ्याकडचे ढिवर लोक, मासेमारी करणारे, तेव्हा नवे शिंगाडे विकत होते, काळे उकडलेले. तिनं किलोभर घेतले, सालीसकट डब्यात भरले आणि वरून ओल्या फडक्यानं घट्ट दाबले. डबा वाजलाच नाही. पोरींनी लाडू म्हटलं, शिरा म्हटलं, कोणी खिचडी म्हटलं, हरल्या सगळ्या. नात दोन दिवस तोऱ्यात होती. एका खाऊत किती गोष्टी सांभाळल्या जातात ते मला तिथं कळलं, पण मी हेही पाहिलं की सून गप्प होती. तिला पाकिटं आणायची होती कारण बाकीच्या सुनांनी आणली होती. ती हरली, आणि तिच्या हरण्याचं घरात कोणी नाव काढलं नाही.

## दिवाळीत काय ठेवलं, काय सोडलं

मामीच्या खात्यात लाडकी बहीणचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन हप्ते दिवाळीआधीच एकदम आले, ३,००० रुपये. आजी पासष्टच्या वर, ती योजनेत बसत नाही, याचा तिला राग आहे. त्या तीन हजारातले निम्म्याच्या वर दुकानदाराच्या वहीत गेले, त्याशिवाय दिवाळीचं सामान निघालंच नसतं. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरलाच लागली होती, कंट्रोलमधून या वेळी शिधा आला नाही, म्हणजे फुलोऱ्यासारखं शंभर रुपयातलं तेल हातात नव्हतं.

मग यादी झाली. शेव, चकली, शंकरपाळे बंद. चिवडा भाजक्या पोह्यांचा, पातळ पोहे कढईत कोरडे भाजून वर चमचाभर तेलाची फोडणी, फुटाण्याची डाळ, पण खोबरं नाही. लाडू घरच्या बेसनाचे, थोडे. आणि अनारसे ठेवायचेच, कारण आजी.

अनारशाला तांदूळ लागतो आणि तांदूळ घरात होता, कंट्रोलचा, माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं त्यातला. आता रेशनच्या तांदळात पोषक दाणे मिसळलेले असतात, शंभरात एक, ते दिसायला जरा वेगळे आणि पाण्यात वर येतात, गावात लोक त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात. प्लास्टिक-बिस्टिक काही नाही, तांदळाच्या पिठातच लोह वगैरे घालून केलेले दाणे आहेत, मी सांगून पाहिलं. आजीनं ऐकून घेतलं आणि सुपात एकेक दाणा वेचून बाजूला काढला. तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून, मग सावलीत फडक्यावर सुकवून, कुटून, चाळून, गूळ मिसळून गोळा मुरायला ठेवला. खसखस परवडण्यासारखी नव्हती, तीळ लावले. तळायला पुन्हा तीच छोटी कढई.

आणि इथं मामीची युक्ती फसली. करंजीला उभं खोल तेल चालतं, अनारशाला पसरट पाहिजे, त्यावर तेल उडवत एकाच बाजूनं तळायचा असतो. निमुळत्या कढईत पहिले चार-पाच हसले, सगळे तेलात विरघळून गेले. तेल गढूळ झालं, आजी रागावून उठून गेली. शेवटी सुनेनं सपाट तवा काढला, कडा असलेला, त्यात बोटभर तेल, जाळ अगदी मंद, आणि पुढचे सगळे जमले. पंचवीसेक झाले. नंतर दोन दिवस आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या सूनबाईनं केले" असं सांगत होती आणि त्यातली सूनबाई नेमकी कोणती ते मामीला कळत होतं.

तेल एकूण किती लागलं हे मी चिठ्ठ्यांवरून काढलं. आधीच्या बऱ्या वर्षी सोयाबीन विकलं की पंधरा किलोचा पिपा यायचा. या वेळी दिवाळीच्या तळणाला दीड लिटर. पण ते दीड लिटरही कुठून आलं तर रोजच्या जेवणातून. कोजागिरीपासून भाजीला फोडणी जवळपास बंद होती, वरण नुसतं हळद-मीठ, बेसन पातळ आणि कोरडं, धोप्याची भाजी उकडून, वर कच्चं तेल थेंबभर. म्हणजे सण बाहेरून जसाच्या तसा दिसला आणि त्याची किंमत आधीच्या पंधरवड्याच्या ताटातून वसूल झाली, तीही सगळ्यांच्या ताटातून सारखी नाही. पुरुष आणि पोरगी आधी जेवतात, तव्यावरचं तेल त्यांच्या वाट्याला, शेवटच्या भाकरीला काय उरतं ते सांगायची गरज नाही. मामा अभिमानानं सांगतो की आम्ही एक पैसा कर्ज न काढता दिवाळी केली. खरंय. पण त्याच्या हिशोबात बांधावरून भाजी खुडायला रोज सकाळी गेलेले तास नाहीत, अख्खी दुपार बोटाएवढ्या करंज्या तळण्यात गेली तीही नाही.

## मंडईला मात्र

दिवाळीत काटकसर जमली, मंडईला जमली नाही. भाऊबीजेनंतर कुही, उमरेड, भिवापूर, पार भंडारा-गडचिरोलीपर्यंत गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं, आणि प्रत्येक घरी पाहुणे. सोयरिकी इथंच जुळतात. पाहुण्याला मटण नाही घातलं तर गावभर होतं. दिवाळी आपली आपल्या घरात असते, मंडई चारचौघात असते, म्हणून पैसा नसताना पहिली कात्री घरातल्या सणाला लागते, हा या सगळ्या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात पक्का धडा. मामानं कापसाची पहिली वेचणी, जी सीतादहीला वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सुरू केली होती, ती किरकोळ व्यापाऱ्याला विकून दोन किलो मटण आणलं. अकरा पाहुणे आले. मामीनं त्याच तर्रीचा दुसरा गंज (पातेलं) चढवला, घरच्या चण्याच्या बेसनाच्या पाटोड्या सोडल्या, आणि बाया-पोरांना पाटोडीचा रस्सा, पाहुण्यांना मटण. दोन्ही गंज एकाच वाटणाचे, वास एकच. मी पाटोडीच खाल्ली आणि खरं सांगते मटणापेक्षा तीच चांगली झाली होती, फक्त वर जो तेलाचा तवंग असतो ना नागपुरी तर्रीचा, तो नव्हता.

## जवस

दिवाळीनंतर आजीनं विषय काढला, आपलं तेल आपण काढायचो. तिच्या सुनवासाच्या काळात रबीत जवस असायचं, घाणीवर नेऊन तेल आणायचे, ढेप बैलांना. मामा हसला, पण चणा पेरताना कडेची पट्टी, पाव एकराहून थोडी कमी, जवसाला सोडली. त्यात त्याचाही हिशोब होता, कऱ्हांडल्याचं जंगल जवळ, रानडुकरं चण्यात घुसतात आणि जवसाला सहसा तोंड लावत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ४० किलो निघालं. घाणीवरून साडेबारा किलो तेल आलं, घाणीवाल्याचे पैसे गेले, ढेप बैलांनी खाल्ली, थोडं जवस चटणीला ठेवलं. तेल आजीला ओळखीचं, बाकीच्यांना त्याचा उग्र वास. पोरीनं पहिल्या दिवशी भाजी सरकवून दिली. जवसाचं तेल लवकर खवट होतं म्हणून मामीनं ते बरण्यांत भरून अंधारात ठेवलं, तरी पावसाळ्यात शेवटची बरणी वासाला लागलीच, ती दिव्याला गेली. तळणाला मामी ते नुसतं वापरत नाही, अर्धं पाकिटाचं मिसळते. पण फोडणीचा चार-पाच महिन्यांचा भार त्यानं उचलला आणि २०२५ च्या महालक्ष्म्यांना फुलोऱ्याचं तेल विकत आणताना आधीच्या महिन्यातलं जेवण कोरडं करावं लागलं नाही. हे बरं झालं, कारण २०२५ मध्ये आनंदाचा शिधा गौरी-गणपतीला मिळाला नाही आणि दिवाळीलाही नाही.

आता यावर घरात एकमत आहे असं समजू नका. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ झाला, मामाला अजून वाटतं की एक वर्ष भाव लागला की सगळं सुटेल, आणि चण्याची जागा जवसाला देणं म्हणजे रोख पैसा सोडणं, हे त्याचं खोटं नाही. मामीला जवस नको, तीळ पाहिजे, कारण त्याचं तेल तळणाला चालतं आणि अनारशालाही लागतो, पण तीळ खरिपात पेरायचा म्हणजे सोयाबीनमधली जागा द्यावी लागणार. सुनेचं म्हणणं, काहीही पेरा पण भाजी खुडायला एकटीला पाठवू नका, वावरात साप निघतात. २०२५ च्या रबीत पट्टी पुन्हा जवसाचीच आहे, या वेळी दोन तास (ओळी) जास्त, आणि तिळाचं पाहू म्हणून मामानं जूनवर ढकललंय.